कॉम्प्रेसर बाद ठरवण्याआधी मीटर कुठे लावायचा

मोठ्या एसी युनिटचा ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) दोनदा ट्रिप झाला की कोणीतरी 'कॉम्प्रेसर गेला' म्हणून मोकळं होतं. या घाईचा मला मनापासून राग येतो, कारण त्यापायी चांगले कॉम्प्रेसर काढलेले मी पाहिलेत.

एका डक्टेबल (डक्टमधून हवा देणाऱ्या) युनिटवर असंच चाललं होतं. चालू युनिटच्या कॉन्टॅक्टरच्या (मोटरला सप्लाय जोडणाऱ्या स्विचच्या) आऊटपुटला तिन्ही फेज दिसत होते, म्हणून सगळ्यांचा संशय कॉम्प्रेसरवर. मी क्लॅम्प मीटर (वायरभोवती लावून करंट मोजणारा) लावला. दोन फेजमध्ये करंट भरपूर, तिसऱ्यात शून्य. युनिट बंद करून कॉन्टॅक्टर उघडला, तर एका पोलचा पॉइंट जळून काळा पडलेला. आऊटपुटला दिसणारं व्होल्टेज चालू मोटरच्या वाइंडिंगमधून उलटं येत होतं. म्हणून नुसतं व्होल्टेज बघून थांबू नका, तिन्ही फेजचा करंट घ्या. सप्लायही तपासा. समजा 415, 410 आणि 399 व्होल्ट मिळाले. सरासरी 408, सरासरीपासून सर्वांत मोठा फरक 9, म्हणजे 2.2 टक्के. 2 टक्क्यांच्या वर गेलं की मी आधी लूज लग (वायरच्या टोकाचा सैल जोड) शोधतो.

कॉन्टॅक्टर ओढतच नसेल, म्हणजे त्याची कॉइल पॉइंट खेचून जोडतच नसेल, तर दोष कंट्रोल लाइनमध्ये शोधायचा. मीटरचा एक प्रोब कंट्रोलच्या न्यूट्रलवर ठेवा आणि दुसरा फ्यूजपासून एकेक टर्मिनल पुढे सरकवा: फेज प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की युनिट थांबवणारा), एचपी आणि एलपी (प्रेशर फार वाढलं किंवा फार घटलं की उघडणारे स्विच), ओव्हरलोडचा कॉन्टॅक्ट, शेवटी कॉइल. ज्या टर्मिनलवर व्होल्टेज गायब होईल, त्याच्या आधीचा स्विच उघडा आहे. एचपी उघडा सापडला तर कंडेन्सर चोंदलाय का, त्याचा पंखा फिरतोय का, ते बघा. एचपीला जंपर मारून, म्हणजे वायरने बायपास करून, युनिट चालवू नका, हे हात जोडून सांगतो. कॉइलपर्यंत पूर्ण व्होल्टेज येऊनही कॉन्टॅक्टर ओढत नसेल, तर सप्लाय तोडून, वायर सोडवून कॉइलचा ओहम घ्या.

वाइंडिंग तपासायला आयसोलेटर बंद करून कुलूप लावा. मीटर आधी चालू सप्लायवर पडताळा, मग इथे सप्लाय नाही याची खात्री करा, आणि नंतर तोच मीटर पुन्हा चालू सप्लायवर बघा. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर आतला चार्ज उतरेपर्यंत त्यावर लिहिलेला वेळ थांबा. मग कॉम्प्रेसरच्या वायर सोडवून टर्मिनलच्या तिन्ही जोड्या मोजा, रीडिंग सारखं हवं. तिन्ही ओपन आणि डोम (कॉम्प्रेसरचा वरचा भाग) तापलेला असेल तर आतला प्रोटेक्टर उघडलेला असू शकतो. थंड व्हायला कधी काही तास लागतात, तेवढी वाट बघा. बॉडीला लीकेज बघायला 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) चालतो, पण कॉम्प्रेसर व्हॅक्यूममध्ये असताना मेगर कधीच लावायचा नाही, वाइंडिंग आतच जळतं.

नवा कॉन्टॅक्टर बसवल्यावर फेजचा क्रम जुळवा. स्क्रोल प्रकारचा कॉम्प्रेसर उलटा फिरला तर खडखडतो आणि सक्शन-डिस्चार्जच्या प्रेशरमध्ये फरक पडत नाही. लगेच बंद करा, सप्लाय तोडा आणि दोन फेज अदलाबदल करा.