झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी: डॉक्टर आणि मेडिकलवाल्यांनो, या चुका टाळा

सांगली-मिरजेत दवाखाना तिथं मेडिकल. पण अल्प्राझोलाम (झोपेची गोळी), ट्रामाडॉल (वेदनाशामक), कोडीन (खोकल्याच्या औषधातलं) यांची चिठ्ठी आली की दोघं एकमेकांशी बोलायला तयार नसतात. नशेच्या गोळ्या निसटतात त्या इथूनच.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे गोळ्या दिल्यावर चिठ्ठीवर शिक्का न मारणं. औषधांच्या १९४५ च्या नियमांत स्पष्ट आहे: डॉक्टरांनी ‘पुन्हा द्या’ लिहिलं नसेल तर चिठ्ठी एकदाच चालते, आणि देताना दुकानाचं नाव, पत्ता, तारीख डॉक्टरांच्या सहीच्या वर टाकायची. टाकतो कोण? ‘गिऱ्हाईक थांबत नाही’ हे उत्तर ऐकून कान किटले.

विश्रामबागकडचे एक काका माझ्या मेडिकलमध्ये आले. चिठ्ठीवर: रोज रात्री एक अल्प्राझोलाम, दहा दिवस. कागद घडीवर फाटलेला, मागून सेलोटेप, तारीख दोन महिन्यांपूर्वीची, शिक्का एकही नाही. दवाखान्यात फोन लावला, तर रिसेप्शनवरून फर्मान: “लिहिलंय ते द्या की!” मी काकांना बसवून घेतलं. ओपीडी उरकल्यावर डॉक्टर स्वतः बोलले. त्यांच्या हिशेबी गोळी कधीच बंद झाली होती. काका मात्र दुकानं बदलत रोज दोन-तीन घेत होते. डॉक्टर म्हणाले, “हाकलू नका, उद्या माझ्याकडं पाठवा.” बरोबरच होतं. रोजची ही गोळी एकदम तोडली तर फिट येऊ शकते, डोस हळूहळू उतरवावा लागतो. ‘आमच्याकडं नाही, पुढं बघा’ म्हणून हात झटकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

फोन मी आत जाऊन करतो, गिऱ्हाइकासमोर नाही. “सर, अमुक पेशंट, मागच्या दहा गोळ्या मंगळवारी नेल्या, आज परत मागतायत. काय करू?” बास. ‘तुमचा पेशंट नशा करतो’ अशी सुरुवात केली की डॉक्टरांचा पारा चढतो आणि विषय तिथंच संपतो. डॉक्टरांनीही असा फोन आत द्यायला रिसेप्शनला सांगून ठेवावं.

गोळ्यांची संख्या अक्षरात लिहा. १० चे १०० करायला एक पेन पुरतं. नुसतं ‘कंटिन्यू’ लिहू नका, किती दिवस तेही लिहा. व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोवर ही औषधं देऊ नका, शिक्का काय मोबाइलवर मारणार?

आणि एच-वनचं रजिस्टर, म्हणजे सरकारच्या ‘एच-वन’ यादीतलं औषध कुणाला, कुणाच्या चिठ्ठीवर दिलं त्याची वही. मार्च २०१४ पासून सक्तीचं आहे, तीन वर्षं जपायचं असतं. नवीन पोरं ते महिनाअखेरीला एका बैठकीत भरून टाकतात. मी स्ट्रिप कापायच्या आधी नोंद करतो. मागची पानं उलटली की तेच नाव, वेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, लगेच सापडतं. मग फोन दोन्ही डॉक्टरांना.