बोबड्या बोलांची वही कशी ठेवावी

लहान मुलांच्या आईला दिवसभरात मिळणारा आनंद बहुधा एखाद्या वाक्याएवढाच असतो आणि तो संध्याकाळपर्यंत टिकत नाही. सकाळी डबा भरताना मुलगी काहीतरी बोलते, हातातला झारा थांबतो, हे रात्री तिच्या बाबांना सांगायचेच असे आपण मनाशी ठरवतो, आणि रात्री एवढेच आठवते की ती काहीतरी फार गोड बोलली होती. छायाचित्रे आपण शेकड्याने काढतो, पण त्यांत तिचे शब्द नसतात. ध्वनिमुद्रण करायला जावे, तर मोबाइल समोर धरताच मूल गप्प होते किंवा मोबाइलच मागते. म्हणून सुमारे सहा वर्षांपूर्वी, थोरला मुलगा दीड वर्षाचा असताना, मी एक साधी वही घातली. पुढे धाकटीचीही वेगळी वही झाली. ज्यांच्या घरी आज मूल बोलू लागले आहे, त्यांच्यासाठी ती पद्धत इथे सविस्तर लिहीत आहे.

वही शिवलेली, दोनशेपानी घ्यावी; सुट्या पानांची फाइल घेऊ नये, कारण पाने हटकून इकडेतिकडे होतात. तिची जागा कपाटात नव्हे, तर स्वयंपाकघरात असावी. आमच्या घरी ती पिठाच्या डब्यावर असते आणि पेन दोरीने खिळ्याला बांधलेले असते. हात पिठात असतील, तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, जिथे आपण दुधाचे खाडे मांडतो त्याच चौकटीत, नंतर खुणेचे एकदोन शब्द लिहून ठेवावेत आणि मुले झोपल्यावर ते वहीत उतरवावेत. मात्र उतरवायचे त्याच रात्री. दुसऱ्या दिवशी आपण जे लिहितो ते मुलाचे वाक्य नसते, आपण नीटनेटके केलेले वाक्य असते.

प्रत्येक नोंदीत तारीख, मुलाचे वय वर्षे आणि महिन्यांत, त्या वेळी काय चालले होते याची एक ओळ, आणि मग मुलाचे बोलणे असावे. ही प्रसंगाची ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण तिच्याशिवाय दोन वर्षांनी त्या वाक्याचा अर्थ आपल्यालाच लागत नाही. धाकटीच्या वहीतली एक नोंद अशी आहे: ‘१४ जून. २ वर्षे ४ महिने. पोळ्यांची कणीक मळून त्यावर ओले फडके झाकले. ओट्याच्या कडेला हनुवटी टेकवून ती बराच वेळ बघत राहिली, मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “तनीत दाई दाई तलते.”’ कणीक गाई गाई करते, म्हणजे झोपली आहे, कारण आईने तिला पांघरूण घातले. त्यानंतर पोळ्या लाटायला घेईपर्यंत ती घरभर चवड्यांवर चालत होती आणि दादाला ‘शूऽऽ’ करत होती. हे सगळे मिळून पाच ओळी झाल्या. ते फडके आणि ती हनुवटी लिहिली नसती, तर नुसत्या ‘तनीत’ शब्दावरून आज मला काहीही आठवले नसते.

बोलणे ऐकू येते तसेच लिहावे, शुद्ध करू नये. लहान मुलांच्या जिभेला ‘क’ आणि ‘ग’ अवघड जातात, म्हणून त्यांच्या जागी ‘त’ आणि ‘द’ येतात; ‘र’ तर बहुतेक मुलांना बराच उशिरा साधतो आणि तोवर ‘ल’ त्याचे काम करतो. देवनागरीत हे सारे जसेच्या तसे लिहिता येते, ही आपली मोठीच सोय आहे. कोणत्या महिन्यात कावळ्याचा ‘तावला’ संपला आणि खरा ‘कावळा’ आला, हे वहीत स्पष्ट दिसते. तो दिवस कौतुकाचा असतो आणि थोडा हुरहुर लावणाराही, म्हणून त्याची नोंद मी लाल शाईने करते.

उच्चारांपेक्षाही मला अधिक आनंद मिळाला तो व्याकरणाच्या चुकांत. मुलगा आधी ‘बाबा गेला’ असे बरोबर म्हणत असे, पण अडीच वर्षांच्या सुमारास तो अचानक ‘बाबा जाला’ आणि ‘मी करलं’ म्हणू लागला. मी क्षणभर काळजीत पडले, पण विचार केल्यावर उलगडा झाला. बसला, उठला, पडला हे शब्द ऐकून त्याने स्वतःच नियम काढला होता आणि तो ‘जा’ आणि ‘कर’ या धातूंना प्रामाणिकपणे लावला होता. ‘गेला’ आणि ‘केलं’ हे आपल्या भाषेतले अपवाद आहेत. त्याचे तर्कशास्त्र चोख होते. अशा वेळी ‘असं नाही म्हणायचं’ असे सांगू नये. ‘हो, बाबा गेले, आता संध्याकाळी येतील’ एवढे सहज म्हणावे, म्हणजे बरोबर रूप कानावर पडते आणि बोलण्याचा उत्साहही टिकतो.

अशीच गंमत ‘जातो’ आणि ‘जाते’ यांची. दिवसभर आईजवळ असणारा मुलगा ‘मी जाते’ म्हणतो आणि दादाच्या मागे फिरणारी धाकटी ‘मी जातो’ म्हणते. माझे सासर कोल्हापूरकडचे. तिथे बायकाही ‘मी येतो’ म्हणतात, त्यामुळे धाकटीच्या ‘मी जातो’ला सासूबाईंनी चूक मानलेच नाही. मीही ती नोंद चूक म्हणून केली नाही, आजीचा वारसा म्हणून केली.

मुलांच्या अशा नोंदी ठेवण्याची रीत जुनी आहे. चार्ल्स डार्विनने १८३९ मध्ये जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाच्या नोंदी ठेवल्या होत्या आणि त्यांवर आधारलेला लेख १८७७ साली प्रसिद्ध केला. त्या मुलाने वर्षाचा असताना खाऊसाठी स्वतःच एक शब्द तयार केल्याचे त्यात आहे, आणि तो शब्द होता ‘मम’. आपल्याकडे ‘मंमं’ म्हणत भरवणाऱ्या कोणत्याही आजीला तो लगेच कळला असता.

वहीचा एक व्यावहारिक उपयोगही आहे. साधारण वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द येतो आणि दोन वर्षांच्या सुमारास मूल दोन शब्द जोडू लागते. यात मूल मागेपुढे होते, पण दोन वर्षे पूर्ण होऊनही ‘आई ये’ अशी जोडी येत नसेल, किंवा येत असलेले शब्द बंद झाले असतील, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि श्रवणाची तपासणी करून घ्यावी. तिथे ‘बोलतो तसा थोडंफार’ असे मोघम सांगण्यापेक्षा तारखांसह वही पुढे ठेवलेली केव्हाही चांगली.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. पाहुण्यांसमोर ‘ते कणकेचं म्हणून दाखव ना’ असा आग्रह कधीही धरू नये. सगळे हसले की मूल बावरते, आणि पुढच्या वेळी आपल्यापाशीही जपून बोलते. तसेच रोज लिहिलेच पाहिजे असा नेम करू नये. तापाच्या, दात येण्याच्या, रात्रभर जागरणाच्या दिवसांत माझ्या वहीत आठवडेच्या आठवडे कोरे आहेत, आणि त्यात काही बिघडले नाही.

आता मुलगा साडेसात वर्षांचा आहे आणि त्याला स्वतःला वाचता येते. मूल या वयाचे झाले की वही त्याच्या हाती द्यावी आणि त्याचे म्हणणे ऐकावे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्याने आपली सगळी वही एका दुपारी वाचून काढली, ‘जाला’ असलेले पान बहिणीला दोनदा मोठ्याने वाचून दाखवले आणि एक नोंद काढून टाकायला सांगितली. ती नोंद मला फार प्रिय होती, पण बोल त्याचे होते. आम्ही दोघांनी मिळून त्या चार ओळींवर पांढरा कागद चिकटवला, आणि त्या कागदावर त्याने पेन्सिलीने तारीख घातली.