ड्युटीवर सुई टोचली तर लगेच काय करायचं

वॉर्डात सुई टोचली की बऱ्याच जणी बोट पिळून पिळून रक्त काढतात नाहीतर वरून स्पिरिट ओततात, प्लीज यातलं काहीच करू नका, बोट तोंडात तर अजिबात घालू नका. ग्लोव्ह काढायचा आणि वाहत्या नळाखाली साबणाने जागा नीट धुवायची, बास. डोळ्यात रक्त उडालं असेल तर साधं पाणी किंवा सलाईन.

मग लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगायचं. शिफ्ट संपल्यावर बघू म्हणतो ना, तिथेच सगळा वेळ जातो. एचआयव्हीची पीईपी गोळी (टोचल्यावर लागण होऊ नये म्हणून देतात ती) शक्यतो 2 तासांत पोटात जायला हवी, 72 तासांनंतर सुरू करत नाहीत. पेशंटचा रिपोर्ट येईपर्यंत पहिला डोस अडवून ठेवायचा नाही, रिपोर्ट बघून डॉक्टर नंतर बंद करू शकतात. चालू ठेवली तर कोर्स 28 दिवसांचा, मळमळलं तरी मनाने सोडायचा नाही. तुमच्याकडे गोळ्या नसतील तर पुण्यात ससून हॉस्पिटलला जा, पिंपरी-चिंचवडकडचे असाल तर वायसीएम हॉस्पिटलला, दोन्हीकडे एआरटी सेंटर म्हणजे एचआयव्हीच्या औषधांचं केंद्र आहे, रात्री कॅज्युअल्टीत विचारा. 1097 ही एचआयव्हीची हेल्पलाईन फ्री आहे.

एचआयव्हीला सगळे घाबरतात पण पेशंट पॉझिटिव्ह असला तरी सुईतून तो लागायची शक्यता 1000 मध्ये साधारण 3, पॉझिटिव्ह पेशंटकडून हिपॅटायटिस बी मात्र लस न घेतलेल्यांना 100 मध्ये 6 ते 30 पर्यंत. म्हणून हिपॅटायटिस बी लसीचे 0, 1, 6 महिन्यांचे तिन्ही डोस पूर्ण करा आणि नंतर टायटर (लस लागू पडली का ते सांगणारी रक्ततपासणी) बघा, 10 किंवा जास्त पाहिजे. लस झालेली नसेल तर इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटीबॉडीजचं इंजेक्शन) त्याच दिवशी विचारा.

स्वतःचं रक्त त्याच दिवशी द्या, म्हणजे टोचलं तेव्हा तुम्ही निगेटिव्ह होतात हे कागदावर राहतं. पुढे 6 आठवडे, 3 महिने, 6 महिन्यांनी परत तपासणी. रिपोर्टमध्ये वेळ, जागा, कुठली सुई, किती खोल गेली, ग्लोव्ह होता का, सगळं लिहा आणि एक कॉपी स्वतःकडे ठेवा.

कॉन्ट्रॅक्टवरच्या मावशी आणि मामांबद्दल मला जास्त काळजी वाटते. कचऱ्याची लाल-पिवळी पिशवी उचलताना आत कोणीतरी टाकलेली सुई मांडीत घुसते आणि नोकरी जाईल म्हणून ते बोलतच नाहीत. 2017 च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे पीईपी देणं हॉस्पिटलचं काम आहे, उपकार नाही. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापत असतील तर अपघाताची नोंद तिकडेही करून घ्या. आणि सिस्टर, डॉक्टर, सुईला परत टोपण लावू नका, वापरली की सरळ सुयांच्या पांढऱ्या डब्यात, आणि डबा पाऊण भरला की सील करा.