एनटीपीवर काम सुरू करताय? आधी डिले बघा, मग ऑफसेट

रत्नागिरीत बसून मी कोल्ड स्टोरेजच्या टेम्परेचर लॉगरचं सॉफ्टवेअर लिहितो. सगळ्या लॉगरची घड्याळं जुळायला हवीत म्हणून सुरुवातीला एनटीपीचा (नेटवर्कवरून सर्व्हरला वेळ विचारून आपलं घड्याळ जुळवायची पद्धत) छोटा क्लायंट मीच लिहिला होता. एका ठिकाणचं घड्याळ रोज संध्याकाळी दीडशेक मिलिसेकंद पुढे जायचं नि रात्री परत जागेवर यायचं, मी आठवडाभर घड्याळाचा क्रिस्टल गरम होतोय का तेच बघत बसलो, आणि निघालं काय तर त्याच वेळी त्याच ४जी राउटरवरून कॅमेऱ्याचं फुटेज अपलोड व्हायचं.

म्हणून नवीन माणसाने हे नीट समजून घ्या. चार वेळा नोंदल्या जातात: आपण विचारलं ती टी१, सर्व्हरला पोचलं ती टी२, त्याने उत्तर सोडलं ती टी३, आपल्याला मिळालं ती टी४. टी२ वजा टी१ आणि टी३ वजा टी४ यांची बेरीज भागिले २ म्हणजे ऑफसेट, आपलं घड्याळ सर्व्हरपेक्षा किती चुकतंय तो फरक. सगळी गोम त्या भागिले २ मध्ये आहे, कारण जायला आणि यायला सारखाच वेळ लागला असं त्यात धरलंय. भाट्याच्या खाडीत भरतीबरोबर होडी आत नेली आणि भरती चालू असतानाच परत आणली तर येताना जास्त वेळ लागणारच, पण काठावर थांबलेल्याला फक्त एकूण वेळ कळतो. आमच्याकडे अपलोडच्या गर्दीत जाताना ३३० मिलिसेकंद आणि येताना ३० लागत होते, घड्याळ बरोबर असूनही ऑफसेट १५० दिसायचा. ही चूक डिलेच्या, म्हणजे जाण्यायेण्याच्या एकूण वेळेच्या, निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही, म्हणून डिले जेवढा कमी तेवढा त्या सँपलवर (एकदा विचारून मिळालेल्या मापावर) विश्वास जास्त.

मी आधी दहा सँपलची सरासरी काढत होतो. ते चूक. रांगेत अडकल्याने वेळ वाढतोच, कमी कधी होत नाही, त्यामुळे सरासरी एकाच बाजूला ओढली जाते. डेव्हिड मिल्स यांनी बनवलेल्या एनटीपीमध्ये शेवटची ८ सँपल ठेवून त्यातलं सगळ्यात कमी डिलेचं निवडतात, मला तर हे फार सुंदर वाटतं, इतकं साधं आणि इतकं कामाचं. क्रोनी हा तयार एनटीपी प्रोग्रॅम वापरत असाल तर मॅक्सडिले आणि मॅक्सडिलेरेशो या सेटिंग नक्की वाचा.

अजून एक, उशिरा आलेलं जुनं उत्तर. पहिलं पॅकेट हरवलं समजून दुसरं पाठवलं आणि मग पहिल्याचंच उत्तर आलं, तर उत्तरातली ओरिजिन वेळ (सर्व्हरने परत पाठवलेली आपलीच टी१) आपण शेवटच्या पॅकेटमध्ये पाठवलेल्या वेळेशी जुळते का ते तपासा, नसेल जुळत तर सरळ टाकून द्या. मी तपासत नव्हतो. आणि टी४ कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) पॅकेट येताच मारलेल्या टाइमस्टँपवरून घ्या, नाहीतर प्रोग्रॅम जागा होईपर्यंतचा वेळ उगाच त्यात मिसळतो.

सरावासाठी लिनक्सवर टीसी नेटेम (नेटवर्कमध्ये मुद्दाम उशीर घालायचं साधन) लावून ३०० मिलिसेकंद डिले द्या. तो फक्त बाहेर जाणाऱ्या पॅकेटला लागतो, म्हणजे एकतर्फी उशीर आयता मिळतो, आणि ऑफसेट १५० ने सरकलेला स्वतःच्या डोळ्याने दिसतो. पण सतत एकतर्फीच उशीर असेल तर कमीत कमी डिलेचं सँपलही चुकीचंच असतं, तिथे कुठलाही फिल्टर पुरा पडत नाही, रस्ताच सुधारावा लागतो. आम्ही शेवटी राउटरवर यूडीपी १२३ ला, म्हणजे एनटीपीच्या पोर्टला, प्राधान्य दिलं आणि फुटेजचा अपलोड स्पीड बांधून टाकला, तेव्हापासून संध्याकाळचा ग्राफ सरळ येतोय.