सीटी अँजिओग्राफीवर यकृत धमनीचे वेगळे मार्ग कसे ओळखावेत

यकृत धमनी पुस्तकातल्या आकृतीबरहुकूम असेल असे गृहीत धरू नये. शरीररचनातज्ज्ञ मिशेल्स यांनी १९६६ मध्ये २०० शवविच्छेदनांवरून दहा प्रकार मांडले, तेव्हा नेहमीची रचना त्यांना ५५ टक्क्यांतच आढळली होती.

आर्टेरियल फेजचे (शिरेतून दिलेले कॉन्ट्रास्ट द्रव्य धमन्यांत भरलेले असतानाचे) सुमारे एक मिलिमीटरचे काप घ्यावेत, कारण जाड कापांत बारीक फाटा हरवतो. सिलिअ‍ॅक धमनीच्या (महाधमनीतून निघून जठर, यकृत व प्लीहेला रक्त देणारी) तिन्ही शाखा पाहून झाल्यावर यकृतातल्या उजव्या व डाव्या धमनीपासून उगमाकडे उलटे यावे. मला हीच दिशा अधिक भरवशाची वाटते.

उजवी धमनी आतड्यांना रक्त देणाऱ्या सुपीरियर मेसेंटेरिक धमनीतून निघाली असेल, तर ती बहुधा स्वादुपिंडाच्या डोक्यामागून आणि आतड्यांतून यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेच्या मागून वर चढते. नाशिकमध्ये निफाडच्या एका रुग्णाचा सीटी वाचताना पोर्टल शिरेमागचा असा चकाकता ठिपका मी आधी लसिकाग्रंथी समजलो होतो. काप एकेक करून खाली सरकवल्यावर तो थेट मेसेंटेरिक धमनीला जाऊन मिळाला. डावी धमनी डाव्या जठर धमनीतून येत असल्यास यकृताचा डावा खंड आणि मागच्या बाजूचा छोटा कॉडेट खंड यांमधल्या खाचेत आडवी रेघ दिसते.

यकृताच्या त्या भागाला नेहमीची शाखाही जात असेल तर वेगळ्या उगमाची धमनी अतिरिक्त म्हणावी, अन्यथा पर्यायी. व्हिपल शस्त्रक्रिया (स्वादुपिंडाचे डोके काढणे) किंवा केमोएम्बोलायझेशन (गाठीच्या धमनीत औषध सोडून तिचा रक्तपुरवठा बंद करणे) ठरले असल्यास उगम आणि मार्ग दोन्ही अहवालाच्या निष्कर्षातच लिहावेत.