उंच आणि वजनदार माणसासाठी लाकडी खुर्चीचा आराखडा बदलताना

आराखड्यातली सगळी मापं सरसकट दहा टक्क्यांनी वाढवली की खुर्ची मोठी होते, पण बसायला सोयीची होईलच असं नाही. उंचीचा प्रश्न मापांचा आहे, वजनाचा सांध्यांचा. दोन्ही वेगवेगळे सोडवा.

आधी माणसाला बूट घालून कडक स्टुलावर बसवा. जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतची उंची आणि पाठीपासून त्या लवणीपर्यंतचं अंतर मोजा. पहिल्यातून 15 मिमी वजा केले की बैठकीच्या पुढच्या कडेची उंची मिळते, दुसऱ्यातून 50 वजा केले की खोली. मापं 500 आणि 540 आली, तर उंची 485 आणि खोली 490. नेहमीच्या खुर्चीत हे आकडे 450 आणि 420 च्या आसपास असतात. खोली याहून वाढवू नका. कड गुडघ्यामागे रुतली की माणूस पुढे सरकून बसतो आणि पाठीला टेका मिळतच नाही. बैठक उंच झाल्यावर मांड्या टेबलाखालच्या पट्टीला अडतील का, तेही आत्ताच बघा.

खुर्ची बहुधा मोडते ती मागचा पाय आणि बैठकीची बाजूची पट्टी जुळतात तिथे. मागे रेललं की सगळा ताण त्या सांध्यावर येतो. नुसते पाय जाड करून भागत नाही, पट्टीची उंची वाढवा. 60 ऐवजी 80 मिमी केली की वाकण्याविरुद्धची तिची ताकद जवळपास पावणेदोनपट होते. पट्टी 25 मिमी जाड असेल तर टेनन (पट्टीच्या टोकाला काढलेली, पायाच्या खाचेत बसणारी जीभ) 8 ते 9 मिमी जाड, 30 मिमी लांब ठेवा आणि पाय 45 मिमीचा घ्या. बाजूच्या आणि मागच्या पट्टीचे टेनन पायाच्या आत एकमेकांना भिडत असतील, तर टोकं 45 अंशांत कापा. टेनन हाताच्या दाबाने खाचेत बसला पाहिजे. हातोडीने ठोकावा लागला तर पाय चिरतो, सैल असला तर गोंद नीट धरत नाही. चारही कोपऱ्यांत आतून ठोकळे गोंद आणि स्क्रू लावून बसवा. पायांमधले खालचे दांडे गाळू नका.

मागचा पाय वाकदार असेल तर फळी निवडताना घाई नको. वाकाच्या जागी लाकडाचे रेषे पायाला आडवे जात असतील, तर तो तिथेच तुटणार. पाठ उंच केली की खुर्ची मागे कलंडायचा धोकाही वाढतो, म्हणून मागच्या पायांची टोकं बैठकीच्या मागच्या कडेपेक्षा 60 ते 70 मिमी मागे न्या.

गोंद लावण्यापूर्वी खुर्ची कोरडी जोडून सपाट फरशीवर ठेवा आणि दोन्ही कर्ण मोजा. फरक दोन मिमीपेक्षा जास्त असेल तर सांधे उघडून दुरुस्त करा.