बाबांसाठी ब्लूबेरी स्कोन, बदामाच्या पिठाचे

जूनच्या मध्यावर न्यू जर्सीत ब्लूबेरी तोडणीला येते, आणि त्याच सुमारास माझे बाबा आजऱ्याहून आमच्याकडे एडिसनला येतात. त्यांना मधुमेह होऊन एकवीस वर्षं झाली. दुपारच्या चहाबरोबर मात्र काहीतरी खायला लागतंच, आणि इथला स्कोन (ओव्हनमध्ये भाजलेला, बिस्किट आणि केक यांच्या मधला पदार्थ) त्यांना पहिल्याच वर्षी आवडला. मैद्याचा आणि साखरेचा तो स्कोन रोज देणं शक्य नव्हतं, म्हणून मी हे शिकले.

पिठाचं आधी सांगते, कारण चूक तिथेच होते. मैदा नको म्हटलं की आपला हात ज्वारी-नाचणीकडे जातो. माझाही गेला होता. पण ज्वारी काय, नाचणी काय, १०० ग्रॅम पिठात सुमारे ६७ ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) असतात. मैद्यात ७५ च्या आसपास. म्हणजे ग्लुटेन जातं, साखर वाढायची ती वाढतेच. सालं काढलेल्या बदामांच्या पिठात तेवढ्याच वजनाला साधारण २० ग्रॅम, त्यातही निम्मा तंतू (फायबर). म्हणून मुख्य पीठ बदामाचं. इंडियन स्टोअरमधून ‘बदाम पावडर’ उचलाल तर पाकिटाची मागची बाजू वाचा. काहींत दुधात घालायची साखर मिसळलेली असते. घरी करायचं तर बदाम सोलून खडखडीत वाळवा आणि मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. सलग फिरवला की तेल सुटतं आणि पिठाचा लगदा होतो.

जोडीला नारळाचं पीठ, तेही थोडंच. हे म्हणजे डेसिकेटेड कोकोनट नव्हे; तेल काढून उरलेल्या चोथ्याचं ते बारीक पीठ असतं आणि पाणी भयंकर पितं. मी एकदा दोन्ही पिठं निम्मी-निम्मी घेतली. स्कोन घशाखाली उतरेनात.

आठ स्कोनसाठी: बदामाचं पीठ २०० ग्रॅम, नारळाचं पीठ २५ ग्रॅम, मिक्सरमधून काढलेला इसबगोल १ चमचा, बेकिंग पावडर २ चमचे, मीठ पाव चमचा, दळलेलं एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ) ४५ ग्रॅम, थंडगार लोणी (इथलं बटर) ६० ग्रॅम, १ अंडं, घट्ट क्रीम २ ते ३ मोठे चमचे, एका लिंबाची किसलेली साल, १ चमचा लिंबाचा रस आणि ब्लूबेरी ९० ग्रॅम. वजनं काट्यावरच करा. कपाने मोजलं की बदामाचं पीठ दर वेळी वेगळं भरतं.

एरिथ्रिटॉल साखरेपेक्षा थोडं कमी गोड असतं आणि मागे जिभेवर गारवा ठेवतं. लिंबाची साल तो गारवा बराच झाकते. दळून घेतलं नाही तर दाताखाली कचकचतं.

कोरडं सगळं एकत्र करून लोण्याचे बारीक तुकडे बोटांच्या टोकांनी चोळा. शंकरपाळीला आपण कडकडीत मोहन घालतो. इथे बरोबर उलटं, मोहन फ्रीजमधून काढलेलं हवं. पण पारख तीच: मुठीत दाबलं की मुटका वळला पाहिजे. मग अंडं, लिंबाचा रस आणि दोन चमचे क्रीम फेटून घाला, कालवा, आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवा. ही पंधरा मिनिटं टाळू नका. तेवढ्यात इसबगोल आणि नारळाचं पीठ ओल ओढून घेतात आणि गोळा सावरतो. तरीही चिरत असेल तरच तिसरा चमचा क्रीम. भाकरी थापणाऱ्याला हे लगेच कळेल: विरी गेलेल्या ज्वारीच्या पिठासारखं हे पीठ आहे, ताणायचं नाही, कडेने हाताचा आधार देत थापायचं.

ब्लूबेरी सगळ्यात शेवटी. आम्ही ती दक्षिण न्यू जर्सीतल्या हॅमंटनच्या बाजूला मळ्यात जाऊन तोडतो. बाबा तिला करवंदाची धाकटी बहीण म्हणतात. देठाजवळ लालसर दिसली तर ठेवून द्यावी झाडावरच. तोडल्यावर ती गोड होत नाही. अंगावरची पांढरी भुकटी टिकू द्या, धुवायची ती वापरायच्या वेळीच. न्यू जर्सीतल्याच व्हाइट्सबॉगला एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी जंगली झुडपांतून निवड करून लागवडीची ब्लूबेरी तयार केली. १९१६ मध्ये तिचं पहिलं पीक बाजारात गेलं. झुडूप शोधून आणणाऱ्याचं नाव त्या झुडपाला दिलं जाई. रूबेल ही त्यातलीच जात. तिचं फळ लहान असतं, आणि स्कोनला मी लहानच निवडते. मोठी फळं फुटून पीठ ओलं करतात. फ्रोझन घ्याल तर न वितळवता, नारळाच्या पिठात घोळवून घाला. खाण्याचा सोडा मात्र नको. त्याच्याशी फळाचा रस हिरवट-निळा होतो.

दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची गोल चकती थापा, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मग आठ त्रिकोणी तुकडे कापून बेकिंग पेपरवर सुटे मांडा. ओव्हन १७५ अंश सेल्सियस, इथल्या मापात ३५०. मैद्याच्या स्कोनला याहून जास्त आच देतात, पण बदाम लवकर करपतो. २२ ते २५ मिनिटं लागतात. विसाव्या मिनिटाला बघा, कडा लाल दिसल्या तर वरून फॉइल टाका.

आणि बाहेर काढल्यावर हात लावू नका. गरम असताना ते इतके मऊ असतात की कच्चे राहिले असं वाटतं, आणि उचलले की मोडतात. मैद्याला ग्लुटेन धरून ठेवतं. इथे ते काम लोणी आणि अंडं निवल्यावर करतात. ट्रेमध्येच अर्धा तास.

माझ्या हिशेबाने तंतू वजा जाता एका स्कोनमध्ये साधारण ५ ग्रॅम कार्ब येतात. मैदा-साखरेच्या तेवढ्याच स्कोनमध्ये तीसच्या पुढे. तरी बाबा पहिल्यांदा खाल्ल्यावर दोन तासांनी मीटर लावून बघतात, तुमच्या घरीही तसंच करा. प्रत्येकाचं शरीर वेगळं.

हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये चार दिवस टिकतात. कापलेले कच्चे तुकडे फ्रीजरमध्ये ठेवले तर थेट ओव्हनमध्ये घालून पाचेक मिनिटं जास्त द्या. बाबांना आता हे माहीत आहे. तीनच्या सुमारास ते स्वतःच दोन तुकडे बाहेर काढतात, एक माझ्यासाठी.